बेसबॉलचा पंच बॉल-स्ट्राइकचा हिशेब कसा ठेवतो?

डिचोलीचा मास्तर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेने यंदा बेसबॉलचा संघ केला आहे. मुलांना शिकवायला एक जाणकार पोरगा येतो, पण आपसातल्या सामन्यांना प्लेटमागे (फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेली पाटी, तिच्यामागे) पंच म्हणून उभं राहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण एकच : "सर, तुम्ही क्रिकेटला उभे राहता ना!"

क्रिकेटला मी खिशात सहा खडे ठेवतो. चेंडू पडला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. वाइड किंवा नोबॉल पडला तर खडा जागचा हलत नाही. संपला विषय.

इथे तीन हिशेब एकदम चालतात. फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेला तर बॉल; पट्ट्यातून गेला किंवा मारताना हुकला तर स्ट्राइक. चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर (याला वॉक म्हणतात), तीन स्ट्राइक झाले की बाद, तीन बाद झाले की डाव पलटतो. शिवाय फाउल, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला चेंडू. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल हा स्ट्राइक धरायचा, दोन झाल्यावर फाउल गेला तर धरायचा नाही. नियम मी वाचलेत, अडचण नियमांची नाही. चेंडू प्लेटवरून गेला की बाहेरून हे बघायचं, बेसवरचा पोर पळायच्या तयारीत आहे का तिकडे लक्ष ठेवायचं, आणि वर "आता किती झाले" हेही लक्षात ठेवायचं. टीव्हीवरचे पंच हे डोक्यात ठेवतात की हातात काही असतं? आणि चुकलं तर पुढे काय?

खवचट खेकडो
रुमाल टाकून ठेवतो.
मास्तर, मळ्यातल्या टेनिस बॉल टूर्नामेंटला पंच चुकला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे दांडा गोल असतो, एवढाच फरक. (हलके घ्या)

तारवटी
मास्तर, हातात असतं. इंडिकेटर म्हणतात, काहीजण क्लिकर. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा डबा, त्याला तीन किंवा चार दातेरी चाकं. एक बॉलचं, एक स्ट्राइकचं, एक आउटचं. चौथं असलं तर बहुधा इनिंगचं. चेंडू झाला, निर्णय दिला, की अंगठ्याने चाक एक घर पुढे.

डबा डाव्या हातात धरायचा, कारण स्ट्राइक आणि आउटची खूण उजव्या हाताने होते. चाकाचे दाते अंगठ्याला कळतात, त्यामुळे सरावलेला पंच खाली न बघताच फिरवतो. बोटीवर असताना अमेरिकन बंदरांत सुट्टी मिळाली की मी स्टेडियमची स्वस्तातली तिकिटं काढायचो. तिथे माझं लक्ष खेळापेक्षा पंचाच्या डाव्या हाताकडे जास्त असायचं. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक बेसबॉल लीग) एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू पडतात. एवढे नुसते डोक्यात ठेवायला कोण बसणार?

एक खबरदारी. चेंडू हवेत असताना चाकाला हात लावायचा नाही. आधी बघा, मग सांगा, मग फिरवा. घाईत अंगठा आधी फिरला की डोळा त्याच्या मागे जातो आणि निर्णय तसाच दिला जातो.

शॉर्टस्टॉप फोंडा
तारवटीबाबांशी सहमत, पण इंडिकेटर हा अर्धाच भाग झाला. मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, नंतर काही स्पर्धांना पंच म्हणूनही उभी राहिले. बॉल-स्ट्राइकचं गणित दोन्ही खेळांत सारखंच.

मास्तर, प्लेटमागचा पंच मोजणी स्वतःजवळ ठेवत नाही, वाटून टाकतो. मधूनमधून दोन्ही हात वर करून बोटं दाखवायची, डाव्या हाताची बॉलसाठी, उजव्या हाताची स्ट्राइकसाठी, आणि तोंडाने मोठ्याने सांगायचं : दोन-एक, तीन-दोन. पहिला आकडा कायम बॉलचा. ते पिचर (चेंडू टाकणारा) ऐकतो, कॅचर (प्लेटमागे झेलणारा) ऐकतो, फलंदाज ऐकतो, फळ्यावर लिहिणारा बघतो, बेसवरचा दुसरा पंच बघतो. बेसवरच्या पंचाच्या हातातही इंडिकेटर असतो, तोही आपला मोजत असतो. म्हणजे एक आकडा पाच-सहा ठिकाणी नांदतो. तुम्ही तीन-एक म्हणालात आणि खरे दोन-दोन असतील, तर कुणीतरी लगेच "सर!" म्हणून ओरडणारच. ओरडू द्या. ज्याच्या विरुद्ध चूक झाली तो गप्प बसत नाही आणि ज्याच्या बाजूने झाली तो तोंड उघडत नाही, हे लक्षात ठेवलं की पुरे.

तीन-दोनला मुठी वर धरायची जुनी पद्धत तुम्हाला कुठेतरी दिसेल. हल्ली शिकवताना बोटंच दाखवायला सांगतात. लांबून मुठी बघणाऱ्याला तीन-दोन आणि शून्य-शून्य सारखेच.

शिवोलीचो पंच
मास्तर, मी तुमच्याच जातीचा, क्रिकेटचा. पोटावर बोटं ठेवून मोजणारे, नाणी वापरणारे, क्लिकर वापरणारे, सगळे बघून झाले. इंग्लंडचा फ्रँक चेस्टर पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून आला आणि मोठा कसोटी पंच झाला. तो आपल्या आईच्या बागेतले सहा खडे घेऊन मैदानात उतरायचा. तेव्हा खड्यांना कमी लेखू नका.

पण शॉर्टस्टॉपताई म्हणतात ते मला पटत नाही. पंचाने दर दोन चेंडूंनी आकडा ओरडून सांगायचा म्हणजे सगळ्या मैदानाला हिशेबनीस करणं. क्रिकेटमध्ये दोन चेंडू उरले की आम्ही स्क्वेअर लेगवरच्या साथीदाराला हळूच खूण करतो, तेवढं पुरतं. षटक पंचाचं आहे. कायदाही तेच म्हणतो. कलम १७.५ : पंचाने चेंडू मोजण्यात चूक केली तरी त्याने मोजलेलं षटकच ग्राह्य. पाच चेंडू असोत की सात. वाद नको, पुढे खेळा.

मळ्यातला गोलंदाज
काका, तेच तर! जानेवारी २०१९, ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, पर्थ विरुद्ध सिडनी सिक्सर्स. मायकल क्लिंगर षटकाच्या सातव्या वैध चेंडूवर झेल देऊन बाद झाला. बाद म्हणजे बादच, कारण तुमचं कलम १७.५. स्टेडियमभर कॅमेरे, हजारो लोक बघतायत, आणि मोजणी फक्त पंचाच्या मुठीत. पंचाने "एक उरला" असं मोठ्याने म्हटलं असतं तर क्लिंगरनेच विचारलं असतं ना?

शिवोलीचो पंच
विचारलं असतं की नाही माहीत नाही. पण प्रत्येक षटकात विचारत बसला असता हे नक्की.

तारवटी
काका, बेसबॉलमध्ये "पंच म्हणेल ते" असं इतकं सरळ नाही. मेजर लीगच्या नियमांत आकडा चुकला असेल तर पंच तो दुरुस्त करू शकतात, मात्र पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकला जाण्याआधी. तो पडला की मागचं मिटलं. शिवाय २०१४ पासून व्हिडिओ बघून बॉल-स्ट्राइकचा आकडा किंवा आउटचा आकडा तपासता येतो. चेंडू स्ट्राइक होता की बॉल हे त्यात येत नाही. ते किती झाले, एवढंच.

तरी चुका होतात, आणि त्या फळ्यामुळे होतात. २ जुलै २०११, सिअ‍ॅटल. सॅन दिएगोचा कॅमेरॉन मेबिन फलंदाजीला. फळ्यावर चुकून तीन बॉल लागले होते, खरे दोनच झालेले. पुढचा चेंडू बाहेर गेला आणि मेबिन रमतगमत पहिल्या बेसवर. तिसऱ्याच बॉलवर वॉक! पिचर, कॅचर, पंच, दोन्हीकडचे प्रशिक्षक, कुणाच्याच लक्षात आलं नाही. मेबिनने पुढे धाव काढली आणि सॅन दिएगोने सामना जिंकला १-०. म्हणजे अख्ख्या सामन्यातली एकुलती एक धाव.

म्हणून मास्तर, फळ्याकडे बघून चाक फिरवायचं नाही. फळ्याने तुमच्या हाताकडे बघायचं. उलटं झालं की वाट लागली.

खवचट खेकडो
मेबिन परत आला नाही? गोंयकार असता तर आला असता. (आता मी धाव ठोकतो)

शॉर्टस्टॉप फोंडा
मेबिनच्या गोष्टीत सगळे एकाच फळ्याकडे बघत होते. पाच-सहा ठिकाणी आकडा ठेवायचा म्हणजे पाच-सहा जणांनी आपापला मोजायचा. एकाचा बघून पाच जणांनी उतरवला तर तो एकच आकडा झाला. बेसवरच्या पंचाला बजावून ठेवा : माझी बोटं बघून तुझं चाक जुळवू नकोस. आधी तुझं बघ, मग माझी बोटं. जुळलं नाही तर मला खूण कर.

आणि शिवोलीकाका, सगळं मैदान हिशेबनीस झालं तर पंचाचा मान कमी होतो असं मला कधी वाटलं नाही. निर्णय पंचाचाच. बॉल की स्ट्राइक यावर हुज्जत घालणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकारही त्याचाच. पण किती झाले हा निर्णय नाही, ती नोंद आहे. ती झाकून कशाला ठेवायची?

नादखुळा तबलजी
खेळातलं मला फार कळत नाही, तरी नाक खुपसतो. विलंबित एकतालाला साथ करताना आम्ही बारा मात्रा मोजत बसत नाही. ठेका हातात असतो, सम आपोआप येते. मोजायला लागलो की चुकलोच. पंचांचंही तसंच नसेल का? सरावाने अंगात भिनत असेल.

तारवटी
तबलजीबाब, क्रिकेटच्या षटकाला हे लागू पडेल, ते सहाला वळतं. इथे आवर्तनच नाही. फलंदाज पहिल्याच चेंडूवर फटका मारून मोकळा होऊ शकतो, नाहीतर दोन स्ट्राइकवर फाउलमागून फाउल मारत बसू शकतो. एप्रिल २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रँडन बेल्ट एकाच खेपेत २१ चेंडू खेळला. शेवटी झेल देऊन बाद! या २१ मध्ये बहुतेक फाउल. इंडिकेटर मात्र तीन-दोनवर गोठलेला. अशा वेळी हात सवयीने फिरतो आणि घोळ होतो. दोन स्ट्राइकनंतर फाउल गेला की अंगठा चाकावरून उचलूनच ठेवावा.

अपवाद : दोन स्ट्राइकवर बंट करायला (बॅट न फिरवता चेंडूला नुसती टेकवायला) गेला आणि फाउल झाला तर बाद. बॅटला निसटता लागून थेट कॅचरच्या हातात बसलेला चेंडूही स्ट्राइकच, तिसरा असेल तर बाद. शाळेच्या सामन्यांत यावरून हमखास तंटा होतो, तेव्हा आधीच कर्णधारांना सांगून ठेवा.

डिचोलीचा मास्तर
धन्यवाद सगळ्यांना. फाउलवर अंगठा उचलायचा, हे आवडलं. आणखी दोन शंका. इंडिकेटर शून्यावर केव्हा आणायचा? आणि खरंच विसरलो, चाक फिरवलं की नाही तेच आठवत नाही, तर काय करायचं?

शॉर्टस्टॉप फोंडा
शून्यावर लगेच आणू नका. फलंदाज बाद झाला किंवा बेसवर पोचला की पहिल्यांदा आउटचं चाक बघा. पुढचा फलंदाज प्लेटजवळ येऊन उभा राहीपर्यंत आधीचा आकडा तसाच राहू दे. दरम्यान कुणी "तो चौथा बॉल नव्हताच" म्हणून आला तर हातात काहीतरी असावं.

विसरलात तर टाइम मागा. खेळ थांबवून आधी बेसवरच्या पंचाला विचारा, मग स्कोअररला. कॅचरला आकडा विचारू नका, चेंडू विचारा : पहिला कुठे पडला, दुसऱ्यावर बॅट फिरली का, तिसरा फाउल होता ना. आकडा कुणीही सोयीचा सांगेल. चेंडू एकेक करून आठवताना दोन्ही संघांची पोरं एकमेकांना दुरुस्त करतात, आणि अर्ध्या मिनिटात खरं ते बाहेर येतं. फक्त पुढचा चेंडू टाकण्याआधी हे करा. मनात शंका ठेवून आणखी एक चेंडू खेळवलात तर गुंता दुप्पट.

मळ्यातला गोलंदाज
इंडिकेटर मिळेपर्यंत खड्यांवर भागेल का? डावा खिसा बॉलचा, उजवा स्ट्राइकचा?

तारवटी
भागणार नाही. खडे टाकायचे कळतात, पण आत किती आहेत ते हात घातल्याशिवाय कळत नाही. आणि आउट कुठे ठेवणार, तोंडात?

ऑनलाइन मिळतो, महागही नाही. चाकं घट्ट असलेला घ्या. ढिला असला की धावताना कपड्याला घासून आपोआप फिरतो. अमेरिकन फुटबॉलचे पंच तर मनगटाला इलॅस्टिकचा पट्टा बांधतात आणि त्याची कडी एकेका बोटात सरकवत डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या संधी, मोजतात. तरीही ६ ऑक्टोबर १९९० ला कोलोरॅडो-मिझूरी सामन्यात चार डाउनऐवजी पाच दिले गेले, पाचव्यावर कोलोरॅडोने गुण मिळवून ३३-३१ ने सामना मारला आणि निकाल कायम राहिला. थोडक्यात, साधन हातात असून भागत नाही.

नादखुळा तबलजी
हे चार आणि तीनच का? ठरवलं कुणी?

तारवटी
एकदम ठरलं नाही. १८७९ मध्ये वॉकसाठी नऊ बॉल लागायचे. मग आठ, सात असं खाली येत, मध्ये एकदा पुन्हा वर जात, १८८९ मध्ये चारवर स्थिरावलं. १८८७ चा एक हंगाम तर चार स्ट्राइकवर बाद असा खेळवला, पुढच्या वर्षी परत तीन. तेव्हाच्या पंचांची दया येते, दरवर्षी नवा पाढा.

आणि हाताच्या खुणा कुणी आणल्या यावर अमेरिकेत अजून दोन तट आहेत. एक म्हणतो विल्यम हॉय या कर्णबधिर खेळाडूमुळे. त्याला पंचाचा पुकारा ऐकू यायचा नाही, म्हणून तिसऱ्या बेसवरचा प्रशिक्षक त्याला हाताने सांगायचा. दुसरा तट १९०५ मध्ये आलेल्या बिल क्लेम या पंचाला श्रेय देतो. जपानात तर २०१० पर्यंत स्ट्राइक आधी सांगायचे, बॉल नंतर. आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळवायला त्यांनी क्रम उलटा केला.

शिवोलीचो पंच
हे छान. पण आता ते यंत्र आलंय ना, स्ट्राइक-बॉल ठरवणारं? कोरियात २०२४ पासून सगळे चेंडू यंत्रच ठरवतं असं वाचलं. मग मोजायला पंच कशाला?

शॉर्टस्टॉप फोंडा
काका, यंत्र चेंडू कुठून गेला ते सांगतं. खेळ चालवायला माणूस लागतोच. उलट मेजर लीगमध्ये काम वाढलंय. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं. वेळेत चेंडू टाकला नाही तर चेंडू न टाकताच एक बॉल वाढतो, फलंदाज वेळेत तयार नसेल तर एक स्ट्राइक. हेतुपुरस्सर वॉक द्यायचा असेल तर २०१७ पासून एकही चेंडू टाकावा लागत नाही, नुसती खूण पुरते. म्हणजे पडलेले चेंडू मोजून आता आकडा जुळेलच असं नाही. मास्तर, तुमच्या शाळेला यातलं काही नको. घड्याळ घंटेपुरतं असू दे.

मळ्यातला गोलंदाज
आउट मोजण्यात चूक होत नाही का कधी?

तारवटी
होते, आणि ती जास्त हसवते. १९९४ मध्ये माँट्रियलच्या लॅरी वॉकरने झेल घेतला, तिसरा बाद समजून चेंडू सीमेजवळच्या प्रेक्षकांतल्या एका पोराच्या हातात दिला आणि निघाला. दोनच बाद झाले होते! बेसवरचा धावपटू सुसाट. वॉकरने धावत येऊन पोराच्या हातून चेंडू काढून घेतला आणि फेकला. नंतर त्याच पोराला सही केलेला दुसरा चेंडू दिला.

म्हणून प्रत्येक बादनंतर आउटही बोटांनी दाखवायचे. आणि स्कोअररला आधीच सांगून ठेवा. तीन बाद व्हायच्या आत संघ जागा बदलायला लागले तर स्कोअररने पंचाला लगेच सांगायचं, असं मेजर लीगच्या नियमात आहे. पण फलंदाज चुकीच्या क्रमाने आला तर स्कोअररने तोंड उघडायचं नाही, हेही त्याच नियमात. तिथे डोळे उघडे ठेवणं हे समोरच्या संघाचं काम.

शिवोलीचो पंच
हा दुसरा नियम मला पटला. पहिल्यावर विचार करतो.
मास्तर, एक सांगतो. आठवीच्या पोरांना मोठ्याने आकडा सांगायचा असेल तर सांगा. क्रिकेटला मात्र मी नाही सांगणार.

शॉर्टस्टॉप फोंडा
काका, पुढच्या टूर्नामेंटला एकच डाव करून बघा. :)

शिवोलीचो पंच
बाय, माझा घसा बघ आणि वय बघ.

डिचोलीचा मास्तर
इंडिकेटर मागवला, चार चाकांचा. येईपर्यंत बेसवर आमच्या विज्ञानाच्या बाईंना उभ्या करतोय, त्या वहीत चेंडूगणिक खूण करणार आहेत, माझ्याकडे न बघता. फळ्यावरच्या दोन मुलांना माझ्या बोटांकडे बघायला सांगितलंय. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, तुमचं डावं आम्हाला उजवं दिसणार, मग पहिला आकडा कुठला?" हे कुणी लिहिलं नव्हतं. आता बोटं दाखवताना तोंडाने "बॉल दोन, स्ट्राइक एक" असं पूर्ण म्हणायचं ठरवलंय.

तारवटी
बरोबर केलंत. पोर हुशार आहे, त्याला स्कोअरर करा.

खवचट खेकडो
आणि पंच कुणाला?